भात घरी आहे

रविवारी दुपारी साडेबाराच्या ठोक्याला पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या हॉटेलाच्या काचेच्या दाराशी वसूलराव सहकुटुंब उभे असतात. त्यांना ओळखायला फार खटपट लागत नाही. शर्ट बाहेर सोडलेला, पट्टा नेहमीपेक्षा दोन भोकं सैल, आणि चेहऱ्यावर बोर्डाच्या परीक्षेला निघालेल्या हुशार मुलाचं गांभीर्य. शनिवारी रात्री उशिरापर्यंत मौजमजा करणाऱ्यांना रविवारी निवांत उठता यावं म्हणून ब्रंच हवा, अशी वकिली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये केली होती. वसूलरावांची शनिवार रात्र नुसत्या ताकावर गेलेली असते आणि रविवारचा चहा बिनबिस्किटाचा. समजा, ब्रंचच्या बुफेचे दर माणशी १,४९९ रुपये. साध्या रेस्टॉरंटात त्यावर ५ टक्के जीएसटी लागला असता. पण हे बड्या हॉटेलातलं रेस्टॉरंट, म्हणून १८ टक्के. एकूण १,७६८ रुपये ८२ पैसे. हा आकडा त्यांनी घरून निघण्यापूर्वीच काढून ठेवलेला असतो, आणि त्यातले ८२ पैसे त्यांच्या मनात खड्यासारखे रुतून बसलेले असतात. लोक अशा माणसाला खादाड म्हणून मोकळे होतात. माझ्या मते हा वसूलरावांवर अन्याय आहे, आणि खादाडांवरही. खादाड माणसाला समोर अन्न दिसतं. वसूलरावांना येणे बाकी दिसते.

पुरावा हवा असेल तर ते काय खात नाहीत ते पाहावं. खादाड माणूस आत शिरताच आवडीच्या पदार्थाकडे धाव घेतो. वसूलराव आधी हात पाठीमागे बांधून, प्लॉट घ्यायला आल्यासारखी सगळ्या दालनाची पाहणी करतात. प्रत्येक झाकण उचलून आत बघतात, वाफेने चष्मा धुरकटला की पुसतात, पुढे सरकतात. या फेरीत ताटात काही पडत नाही, फक्त निकाल लागत जातात. पाव? बाद. सूप? गरम पाणी, बाद. बटाट्याची भाजी त्यांना जिवापाड आवडते, पण मंडईतला बटाट्याचा भाव पाठ असल्यामुळे तीही बाद. एवढ्यात वहिनी बिचाऱ्या पुलावाच्या भांड्याशी थबकतात आणि मागून तो सुप्रसिद्ध आवाज येतो : ‘अगं, भात काय घेतेस? भात घरी आहे!’ हे वाक्य त्या दुपारी किमान नऊ वेळा उच्चारलं जातं. पोळी घरी आहे. वरण घरी आहे. आईला दही हवं असतं, तर दहीसुद्धा घरी आहे. घरी नसलेल्या वस्तू म्हणजे कोळंबी, रावस, चीज आणि ज्यांची नावं पाटीवर वाचूनही उच्चारता येत नाहीत असे दोन पदार्थ. कोळंबी त्यांना मुळात फारशी आवडत नाही, पण आवडीनिवडीला इथे विचारतो कोण? ती खाऊन झाल्यावर शेपट्या ते ताटाच्या कडेला ओळीने मांडून ठेवतात. वेटर ताट उचलायला आला की ‘राहू द्या’ म्हणून हात आडवा घालतात. त्या शेपट्या नव्हेत, पावत्या आहेत.

कुणी म्हणेल, एवढ्या हिशेबी माणसाला हॉटेलवाल्याचा हिशेब कळत नाही का? चांगला कळतो. सुरुवातीलाच सॅलड आणि ब्रेड का मांडलेत, ताटल्या घरच्यापेक्षा लहान का आहेत, पुलावात भला मोठा डाव आणि कोळंबीत एवढासा चिमटा का, डोसा ‘लाइव्ह’ काउंटरवर एकेकच का निघतो, बसल्याबसल्या गोड सरबत का येतं, हे ते कुटुंबाला गाइडच्या थाटात समजावून सांगतात. बुफेच्या अमेरिकन वंशावळीत एक जुगारी पूर्वज आहे. १९४०च्या दशकात लास वेगासच्या एल रांचो हॉटेलात एका डॉलरमध्ये हवं तेवढं खा, अशी सोय निघाली ती जुगाऱ्यांनी रात्री पोटासाठी उठून बाहेर जाऊ नये म्हणून. त्या घराण्याचा नियम असा की एखादा पाहुणा जिंकेल, पण धंदा सरासरीवर चालतो. आणि ती सरासरी वसूलरावांच्याच टेबलावर बसलेली असते. आई एक वाटी सूप आणि अर्ध्या गुलाबजामवर तृप्त. वहिनींच्या दोन इडल्या आणि पपईच्या चार फोडी. नात तर पूर्ण वेळ चॉकलेटच्या कारंज्यापाशी. घरच्यांनी असा घात केल्यावर चार ताटांची वसुली एका पोटाने करायची म्हणजे चेष्टा नाही. तरीही इथे कुणी कुणाला लुबाडत नाही. वसूलराव कोळंबीचा भाव मेनूकार्डावरून धरतात, हॉटेल तो घाऊक बाजारावरून धरतं. दोन वह्या वेगळ्या, दोन्हींत नफा. असा व्यवहार शेअर बाजारातही सहसा जमत नाही.

खरा आक्षेप अर्थशास्त्र्यांचा आहे आणि तो वजनदार आहे. आत शिरलात तेव्हाच पैसे गेले. जास्त खाल्लंत म्हणून ते परत येत नाहीत, तेव्हा भूक असेल तितकं खा आणि उठा. ज्यांना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं त्या रिचर्ड थेलर यांनी १९८०च्या एका निबंधात पोटभर पिझ्झा देणाऱ्या एका हॉटेलातला प्रयोग सांगितला आहे. काही गिऱ्हाइकांना प्रवेशाचे पैसे परत दिले, बाकीच्यांना दिले नाहीत. पिझ्झा तोच, भूक साधारण तीच. पण ज्यांचे पैसे गेले होते ते जास्त खाऊन उठले. म्हणजे वसूलराव अपवाद नाहीत, ते मनुष्यजातीचे प्रतिनिधी आहेत. बाकीचे लाजून तेच करतात, ते उघड करतात. शास्त्राने त्यांच्या ताकाच्या उपासावरही पाणी ओतलं आहे. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिलं की एकाच सारणाच्या सँडविचऐवजी चार वेगवेगळ्या सारणांची सँडविचेस समोर आली तर माणसं सुमारे एक तृतीयांश जास्त खातात. एका चवीला कंटाळलेली जीभ दुसरी चव दिसली की पुन्हा ताजी होते. कोळंबीने ‘आता पुरे’ म्हटल्यावरही पोटात तिरामिसूसाठी जागा निघते ती यामुळे. म्हणजे उपाशी राहायची गरजच नव्हती, मांडणीने काम केलंच असतं. हे वसूलरावांना समजावून सांगितलं तर ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘बरोबर आहे. पण वरच्या ८२ पैशांचं काय?’ अर्थशास्त्राकडे याला उत्तर नाही.

दुसरा आक्षेप सुसंस्कृत लोकांचा : ही माणसं अन्नाची नासाडी करतात. इथे मात्र आरोपी चुकला आहे. जपानात बुफेला ‘बायकिंगु’, म्हणजे व्हायकिंग म्हणतात. तोक्योच्या इम्पीरियल हॉटेलने १९५८ मध्ये स्वीडिश पद्धतीची मांडणी सुरू करताना हे नाव घेतलं. त्या नावाचे खरे वारसदार शेजारच्या टेबलावर असतात. एकाच ताटात पास्ता, बिर्याणी, सुशी आणि जिलेबीचा डोंगर रचायचा, त्याचा फोटो काढायचा, दोन घास उष्टावायचे आणि ‘डाएट आहे’ म्हणत ताट सरकवायचं. वसूलराव एका फेरीत चार तुकडे आणतात, ते संपवतात, मग पुढची फेरी. अशा अकरा फेऱ्या. त्यांच्या ताटात शेपट्यांखेरीज काही उरत नाही. विकत घेतलेलं टाकणं हे त्यांच्या लेखी पाप आहे, आणि कर भरून घेतलेलं टाकणं हे महापाप.

यापुढचा पुरावा दुसऱ्या तासात मिळतो, आणि इथे आरोपपत्राला थोडी भेग पडते. आपल्याकडे पंगतीत जेवणाऱ्याइतकंच महत्त्व वाढप्याला होतं. कोण लाजतोय, कुणाचा मठ्ठा संपलाय, कुणाच्या ‘नको’चा अर्थ ‘वाढा’ असा आहे, हे त्याला पानाकडे बघून कळायचं. ताटावर आडवा धरलेला हात चुकवून जिलेबी नेमकी पानात टाकणं ही कला होती. बुफेने हा माणूस एका फटक्यात बेकार केला. इथे भरपूर अन्न आहे, पण ‘घ्या हो’ म्हणणारं कुणी नाही. ज्याने त्याने उठावं, रांगेत लागावं आणि आपापलं बघावं. अशा ठिकाणी वसूलराव वेगळं ताट घेऊन उठतात, आईला काटे काढून रावसाचा मऊ तुकडा आणतात, वहिनींच्या इडलीशेजारी दोन कोळंब्या ठेवतात, नातीला चॉकलेटच्या कारंज्यापासून ओढून आणून मशरूम भरवतात. तोंडाने प्रेमाचा एक शब्द नाही. ‘हे घे, महाग आहे,’ एवढंच. वहिनी हात आडवा धरतात, ते तो चुकवतात. हा आग्रहच आहे, फक्त त्याचं चलन बदललंय. नाइलाजाने कबूल करावं लागतं की त्या सगळ्या दालनात वाढपी एकटा हाच उरला आहे.

मग ही वसुली कसली? १,७६८ रुपयांची म्हणावी तर हा माणूस निवृत्त आहे, पेन्शन वेळेवर येते, मुलगा कमावता आहे. एवढ्या रकमेने त्याचं काही अडत नाही. मला वाटतं, ही थकबाकी जुनी आहे आणि ऋणको हे हॉटेल नाहीच. आज साठी ओलांडलेले पुष्कळ वसूलराव १९७२च्या दुष्काळात प्राथमिक शाळेत होते. मराठवाडा, नगर, सोलापूर या भागांत घरची मोठी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, मुलांच्या हातावर सुकडी पडत होती आणि रेशनच्या रांगेत अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी, म्हणजे मिलो, पिशवीत घ्यावी लागत होती. त्या मुलखात भात हे एरवीही रोजचं अन्न नव्हतं. तो सणाला, पाहुण्याला नाहीतर आजाऱ्याला. ‘आज भात आहे’ ही बातमी असायची. हे ध्यानात घेतलं की नऊ वेळा ऐकून कान किटवणारं ते वाक्य दहाव्या वेळी वेगळं ऐकू येतं. भात घरी आहे, इतका आहे की बाहेर आल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवता येते. हे वाक्य त्यांच्या वडिलांना कधी म्हणता आलं नाही.

यावर शेवटचा आक्षेप असा की दुष्काळ न पाहिलेली पिढीही तेच करते. वसूलरावांचा मुलगा तर तीन ॲपवर कूपनं ताडून, एका कार्डाची सवलत दुसऱ्या ऑफरला जोडून टेबल राखतो. खरं आहे, पण तो वेगळा प्राणी. त्याला स्वस्तात मिळाल्याचा आनंद हवा असतो, आणि तो टेबल राखलं त्या क्षणीच मिळालेला असतो. जेवण नंतरचा उपचार. वडिलांना स्वस्त नकोच आहे. त्यांना पूर्ण किंमत मोजून पूर्ण माल हवा आहे, मापात काटा न मारता. रेशनच्या तराजूकडे टाचा उंचावून बघत उभ्या राहिलेल्या मुलाचीच ती नजर आहे.

चार वाजता दालन बंद होताना वसूलराव उठतात, सावकाश, खुर्चीच्या पाठीला धरून. दाराशी बडीशेपेची वाटी असते. तिच्यातून ते एक चिमूट तोंडात टाकतात, दुसरी कागदी रुमालात बांधून खिशात ठेवतात आणि त्यांचा चेहरा उजळतो : ८२ पैसे फिटले. गाडीत ते जाहीर करतात की आता रात्रीचं जेवण नाही, म्हणजे तेही जमेला धरायचं. घरी सगळे आडवे होतात. रात्री साडेनऊच्या सुमारास मात्र स्वयंपाकघरातला दिवा लागतो. कोळंबी, रावस, चीज आणि उच्चारता न येणारे दोन पदार्थ पचवून बसलेला तो माणूस कुकरचं झाकण हळूच उचलून आत बघतो, चष्मा पुसायच्या सवयीने हात वर नेतो, पण आत वाफ नसते. सकाळचा असतो, गार. तो वाटीभर काढून घेतो, वर दही, किंचित मीठ. आतून वहिनी विचारतात, ‘काय हवंय हो?’ तो ओट्याशी उभ्याउभ्याच पहिला घास घेतो आणि म्हणतो, ‘काही नाही. भात आहे.’