काळ्या टीशर्टवाले मामा

भालकी, आळंद, औराद, बसवकल्याण, कुठंही जा. काळा टीशर्ट घातलेला साठीचा एक मामा सापडतोच. टीशर्ट मुळात काळा होता, हे आपण मामांच्या शब्दावर मानायचं. १७ मार्च २००७ ला बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आयर्न मेडन हा रॉक बँड वाजवून गेला, त्या दिवशीचा तो. गुलबर्ग्याहून उद्यान एक्स्प्रेसनं गेलो, हे मामा सांगतात. जनरलच्या डब्यात संडासाजवळ उभं राहून गेले, हे मामी सांगतात. कार्यक्रमाचं तिकीट देवघरात आहे, बसवण्णा आणि विठोबा यांच्या मधोमध. उदबत्ती त्यालाही मिळते.

आमचे मामा बसवकल्याणचे. त्यांचं रॉकचं सगळं शिक्षण एका कॅसेटवर झालं. ऐंशीच्या दशकात हैदराबादला रेकॉर्डिंगच्या दुकानात कोरी कॅसेट आणि गाण्यांची चिठ्ठी द्यायची, आठवड्यानं भरलेली कॅसेट आणायची. मामांनी डीप पर्पलचा 'मशीन हेड' सांगितला. अल्बम सदतीस मिनिटांचा, कॅसेटची बाजू तीस मिनिटांची. दुसरी बाजू वडिलांनी भीमसेनांच्या अभंगांसाठी आधीच धरून ठेवलेली; पैसे त्यांचे होते. त्यामुळं सहावं गाणं 'लेझी' ऐन रंगात आलं की खाटकन तुटायचं आणि कॅसेट उलटली की टाळ सुरू. परवा भाच्यानं मोबाइलवर ते गाणं शेवटपर्यंत ऐकवलं, तर मामा अस्वस्थ. "ह्यात अभंग कुठाय?"

त्याच अल्बममधल्या 'स्मोक ऑन द वॉटर'ची कथा मात्र ते त्रिपुरांत तळ्याच्या काठावर उभं राहूनच सांगतात. "ते पलीकडं मंगल कार्यालय दिसायलंय ना, तो कॅसिनो समज." ४ डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडातलं माँत्रो. आत फ्रँक झापाचा कार्यक्रम चाललेला, प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडं फ्लेअर झाडली आणि कॅसिनो जळून खाक. तिथं रेकॉर्डिंगला आलेल्या डीप पर्पलनं जिनिव्हा सरोवरावर पसरलेला धूर बघितला. मामा इतक्या तळमळीनं हात करतात की म्हैस धुणारा माणूसही मंगल कार्यालयाकडं वळून बघतो.

ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीची गोष्ट सांगायला त्यांना फक्त कुणाचं तरी बोट कापलेलं लागतं. सुपारी कातरताना माझ्या बोटाला अडकित्ता लागला. मामी हळद शोधत होत्या आणि मामा सांगत होते, की पत्र्याच्या कारखान्यात सतराव्या वर्षी टोनीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, तर गड्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून टोपणं केली आणि गिटार वाजवली. "तुझं तर नुसतं खरचटलंय."

२२ जुलै २०२५ ला त्याच बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गेला. बर्मिंगहॅमला शेवटचा कार्यक्रम करून त्याला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. मामा दुसऱ्या दिवशी टीशर्ट घालून ओट्यावर बसले, चहा नाही, बोलणं नाही. गल्लीतली माणसं एकेक करून जवळ येऊन बसली.

"कोण होते?" एकानं मामीला विचारलं.

"ह्यांच्या ओळखीतले. बाहेरगावचे."

"वय?"

"शहात्तर," मामा म्हणाले.

"माती कधी हाय?"

मामांनी पुढं रोज मोबाइल बघून अंत्ययात्रेची तारीख काढली. ३० जुलै, बर्मिंगहॅम.

"मग क्रूझर सांगायलाव का?" शेजारी म्हणाले. "दोन सीट आमच्याबी धरा."