स्टुटगार्टकर

मराठी माणसाच्या स्थलांतराचा विचार होतो तेव्हा अमेरिकेतील सॉफ्टवेअर अभियंत्याविषयी पुष्कळ आणि आखातातील कामगाराविषयी थोडेफार लिहिले जाते. परंतु ज्याची घडण चाकण-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात होते आणि उत्तरायुष्य मात्र नेकार नदीच्या खोऱ्यात जाते, त्या तिसऱ्या प्रकाराची शास्त्रशुद्ध नोंद अद्याप झालेली नाही. गावावरून आडनाव लावण्याची आपली जुनी रीत लक्षात घेता या प्रकारास ‘स्टुटगार्टकर’ म्हणणे सोयीचे ठरेल. तो प्रत्यक्षात म्युनिकला असेल किंवा वोल्फ्सबुर्गला असेल, लक्षणांत फारसा फरक पडत नाही. पगारातून कापले जाणारे पैसे आणि भाड्याच्या घरातली फोडणी या दोन्ही बाबतींत त्याची दुःखे सर्वत्र सारखीच असतात.

या प्रकाराच्या उगमास इतिहास आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-नगरे आहेत, आणि पुण्यात मॅक्स म्युलर भवन व रानडे इन्स्टिट्यूट यांच्यामुळे जर्मन शिकणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. मात्र भाषा शिकून प्रत्यक्ष तिथे नोकरीस जाणाऱ्यांची रांग लागली ती अलीकडे. २००० साली जर्मन सरकारने संगणक-तज्ज्ञांसाठी वीस हजारांच्या मर्यादेची परवाना योजना काढली, तेव्हा ‘भारतीयांपेक्षा आपली मुले बरी’ अशा आशयाची निवडणूक-घोषणा तिथे गाजली होती. पुढे मुले पुरेशी न झाल्यामुळे धोरण बदलले: २०१२ मध्ये उच्चशिक्षितांसाठी ‘ब्लू कार्ड’ हा राहण्याचा व काम करण्याचा एकत्रित परवाना आला, २०२० मध्ये कुशल कामगारांच्या स्थलांतराचा कायदा लागू झाला, आणि २०२४ मध्ये गुणांच्या आधारे वर्षभर तिथे राहून नोकरी शोधू देणारे ‘संधीपत्र’ निघाले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, त्यामुळे अभियंत्यांपुरता असलेला हा प्रकार आता वीजतंत्री, परिचारिका आणि वाहनचालकांपर्यंत पसरण्याची चिन्हे आहेत.

स्टुटगार्टकराची पहिली अवस्था नोकरीशोधाची असून ती बहुधा रात्री, घरातील मंडळी झोपल्यावर, लॅपटॉपच्या उजेडात पार पडते. तिचा आरंभ पदवीच्या पडताळणीने होतो. ‘आनाबिन’ नावाची एक अधिकृत सूची जर्मनीत ठेवलेली असून तीत जगभरच्या विद्यापीठांना श्रेणी दिलेली असते. ‘एच’ या अक्षरापुढे अधिक-चिन्ह असले तर विद्यापीठ मान्य, उणे-चिन्ह असले तर अमान्य, आणि दोन्ही असली तर प्रकरण तपासून पाहावे लागते. ज्या विद्यापीठाच्या निकालांना आणि पुनर्मूल्यांकनाला त्याने चार वर्षे मनसोक्त नावे ठेवली, त्याच्यापुढे अधिक-चिन्ह पाहून या गृहस्थास आयुष्यात प्रथमच विद्यापीठाचा अभिमान वाटतो आणि तो गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती काढण्यास धावतो.

त्यानंतर परिचयपत्राचा प्रश्न येतो. मायदेशी सहा पानांचे असलेले, ध्येयवाक्यापासून शाळेतील वक्तृत्व स्पर्धेपर्यंत सर्व काही सामावणारे परिचयपत्र जर्मन प्रथेप्रमाणे दोन पानांच्या कोष्टकात बसवावे लागते, त्यावर छायाचित्र लावण्याची रूढी अजून पुष्कळ ठिकाणी पाळली जाते, आणि मधला एखादा महिना रिकामा राहिला तर तो कुठे गेला याची विचारणा होते. भाषेच्या रकान्यात मात्र स्टुटगार्टकराची लेखणी सैल सुटते. युरोपात भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या मानल्या असून ‘ए-वन’ ही सर्वांत खालची व ‘सी-टू’ ही सर्वांत वरची. दुसऱ्या पायरीचे पुस्तक विकत घेतल्याबरोबर तिसरी पायरी चढल्याची नोंद करण्याचा मोह त्याला आवरत नाही. मुलाखतीच्या आरंभी जर्मनमध्ये सहज हवापाण्याची चौकशी झाली, की तो पाठ केलेला एकमेव परिच्छेद म्हणून दाखवतो, आणि त्यामुळे आज तिकडे पाऊस आहे का या प्रश्नास दर रविवारी सिंहगड चढण्याच्या छंदाचे उत्तर मिळते.

मुलाखतीतील खरी अडचण भाषेची नसून विनयाची असते. मोठेपणा मिरवू नये या संस्कारामुळे हा गृहस्थ झालेल्या प्रत्येक कामाचे श्रेय ‘आम्ही’ला देतो, आणि समोरचा व्यवस्थापक त्यातले नेमके आपण काय केले असे पुन्हा पुन्हा विचारतो, उलट कोणती गोष्ट येत नाही असे विचारले असता, नकार देणे हा उद्धटपणा होय या दुसऱ्या संस्कारामुळे तो ‘सर्व जमेल’ असे सांगतो. ज्या समाजात ‘हे मला येत नाही’ हे वाक्य प्रामाणिकपणाची खूण मानले जाते, तिथे सर्व जमणाऱ्या उमेदवाराविषयी संशय निर्माण होतो. दहा-बारा सभ्य नकारपत्रे आल्यावर तो ‘अमुक येत नाही, पण शिकेन’ असे म्हणू लागतो, आणि बहुधा त्याच मुलाखतीत त्याची निवड होते.

निवडीनंतर घरात आनंदाची एक लाट येते, कारण जर्मनीत पगार वर्षाचा आणि कपातीपूर्वीचा सांगण्याची पद्धत आहे, आणि त्यास रुपयांनी गुणून येणारी संख्या सोसायटीच्या सचिवापर्यंत पोहोचण्यास अर्धा तासही लागत नाही. तिथे कर भरणाऱ्यांचे सहा वर्ग असून एकट्या माणसाचा वर्ग पहिला असतो. प्राप्तिकर आणि आरोग्य, निवृत्ती, बेकारी व वार्धक्यातील शुश्रूषा यांचे सक्तीचे विमे मिळून त्याच्या पगारातील सुमारे ३५ ते ४० टक्के रक्कम हाती येण्यापूर्वीच जाते. पहिली पगारपावती पाहून स्टुटगार्टकर जे गणित करतो ते मात्र सोसायटीत कोणालाही कळवले जात नाही.

तिथे पोहोचल्यावरचे पहिले काही आठवडे कागदांच्या एका वर्तुळात जातात. घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते, नोंदीसाठी घरमालकाची सही लागते, घरमालकास पगारपावत्या पाहावयाच्या असतात, पगार जमा होण्यास बँकेचे खाते लागते, आणि खाते उघडावयास गेले असता बहुधा पत्त्याची नोंद मागितली जाते. करदात्याचा क्रमांक टपालाने येतो. मात्र पत्रपेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र न टाकता परत नेतो, त्यामुळे चिठ्ठीवर नाव लिहून पेटीला चिकटवेपर्यंत हा गृहस्थ कागदोपत्री अस्तित्वात येत नाही.

पहिले सहा महिने परीक्षाकाळाचे असतात. कायद्याने हा काळ याहून अधिक ठेवता येत नाही आणि त्यात कोणत्याही बाजूने दोन आठवड्यांच्या सूचनेवर नोकरी संपवता येते, या एका माहितीने स्टुटगार्टकराची झोप उडते आणि तो पुण्यात ज्या गुणांमुळे साहेबांच्या मर्जीत होता ते सर्व गुण एकाच वेळी वापरू लागतो. तो रात्री साडेआठपर्यंत कचेरीत थांबतो, रविवारी पत्रे पाठवतो आणि नाक वाहत असताना कामावर हजर होतो. सर्वसाधारण कामाचा दिवस आठ तासांचा असावा, तो फार तर दहा तासांपर्यंत वाढवता यावा आणि दोन दिवसांच्या कामात अकरा तासांची विश्रांती असावी असा तिथे कायदा आहे, त्यामुळे रात्री थांबणाऱ्या माणसाविषयी व्यवस्थापकाच्या मनात दोनच शंका येतात: एकतर त्याला काम झेपत नाही, नाहीतर तो कंपनीला दंड करवणार आहे. रविवारच्या पत्रास सोमवारी उत्तर येते व त्यात काही अडचण आहे का अशी काळजीपूर्वक विचारपूस असते. सर्दीचे तर स्वागतच होत नाही. सहकारी त्याला सौजन्याने, पण दारापर्यंत सोबत करून, घरी पाठवतात.

आजारपणाविषयीचे नियम कळल्यावर त्याचा प्रथम विश्वास बसत नाही. पहिले सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो, कायद्याने डॉक्टरचा दाखला आजार तीन दिवसांपेक्षा लांबला तरच लागतो, आणि रजेवर असताना आजारी पडल्याचा दाखला आणला तर ते दिवस रजेतून वजा न होता परत मिळतात. आजीच्या निधनाचे कारण दोनदा वापरून रजा मिळवलेल्या माणसास ही तरतूद अनैतिक वाटल्यास नवल नाही. आठवड्यातून पाच दिवस काम करणाऱ्यास कायद्याने वर्षात किमान वीस आणि पुष्कळ कंपन्यांत तीस दिवसांची रजा मिळते, आणि ती घेतली नाही तर व्यवस्थापक आठवण करून देतो. सहकारी ऑगस्टमधील सुटीची तारीख जानेवारीत सांगतात. स्टुटगार्टकर मात्र ‘बघू, जमलं तर’ असे म्हणतो, आणि जे मराठीत पूर्ण उत्तर मानले जाते ते तक्त्याच्या कोणत्याच चौकोनात भरता येत नाही.

कामाचा दिवस संपल्यानंतरच्या वेळास जर्मन लोक ‘फायरआबेंड’ म्हणतात आणि तो घोषित झाल्यावर अर्धवट वाक्यही पुढच्या दिवसावर टाकतात. स्टुटगार्टकरास काम करणे शिकवावे लागत नाही, ते त्याला आधीच उत्तम येते. त्याला शिकावे लागते ते थांबणे. साडेपाच वाजता सर्वांदेखत पिशवी उचलून बाहेर पडण्याचे धैर्य येण्यास अनेकांना वर्ष लागते, आणि ते आल्यावर संध्याकाळी करायचे काय हा नवाच प्रश्न उभा राहतो.

इतर रीतिभातींत त्याची प्रगती जलद होते, कारण स्टुटगार्टच्या आसपासचे श्वाबियन लोक काटकसर, शिस्त आणि शेजाऱ्याचे दोष दाखवण्याची तळमळ यांसाठी जर्मनीत प्रसिद्ध आहेत, आणि पुण्यातून आलेल्यास हे वातावरण मुळीच परके वाटत नाही. रागावले नाही म्हणजे कौतुक झाले असे समजावे, ही त्या प्रदेशाची म्हण त्याला वडिलांच्या सहवासात पुरेशी आत्मसात झालेली असते. जिन्यातील ‘बाबागाडी ठेवू नये’, ‘दार हळू लावावे’ या सूचना वाचताना त्याचे डोळे पाणावतात. जिना व अंगण झाडण्याची पाळी, म्हणजे ‘केअरवोख’, ज्याची असेल त्याच्या दारावर तशी पाटी लटकवली जाते, आणि झाडणे झाल्यावर ती शेजाऱ्याच्या दारावर टांगताना मिळणारे समाधान पगारवाढीपेक्षा कमी नसते. अडतो तो फक्त मोहरीच्या फोडणीपाशी, कारण छताला लावलेले धूर ओळखणारे यंत्र हिंग आणि आग यांत फरक करीत नाही.

पूर्णावस्थेची लक्षणे साधारण दोन वर्षांनी दिसू लागतात. ब्लू कार्डधारकास २७ महिन्यांनी, आणि भाषेची तिसरी पायरी खरोखर चढली असल्यास २१ महिन्यांनी, कायम वास्तव्याचा परवाना मागता येतो. या सहा महिन्यांच्या फरकासाठी तो अखेर व्याकरण शिकतो. नोकरी बदलताना मिळणारे प्रशस्तिपत्र तो लीलया वाचतो. हे पत्र खरेही असावे आणि उमेदवाराच्या भविष्यास अपाय करणारेही नसावे असा दंडक असल्याने त्यात सांकेतिक भाषा वापरतात: ‘सदैव संपूर्णतम समाधान’ म्हणजे उत्कृष्ट, नुसते ‘पूर्ण समाधान’ म्हणजे मध्यम, आणि ‘त्यांनी प्रयत्न केले’ म्हणजे नापास. टोमण्यांवर पोसलेल्या बुद्धीला हे कोडे अवघड नसते. तो वाढदिवसाला स्वतःच केक नेतो, रिकाम्या बाटल्या दुकानात परत करून प्रत्येकी २५ सेंटपर्यंतची अनामत वसूल करतो, आणि रेल्वेच्या उशिरावर जर्मनांच्या बरोबरीने संतापतो. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी केवळ ६२ टक्क्यांच्या आसपास गाड्या वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांच्या आतील उशीर तर तिथे उशीर म्हणून मोजलाही जात नाही, ही आकडेवारी तो मुंबईच्या लोकलमध्ये वाढलेल्या मावसभावास सांगतो तेव्हा सहानुभूती मिळत नाही.

सुटीत पुण्यास आलेला स्टुटगार्टकर हा अभ्यासाचा सर्वांत उद्बोधक नमुना होय. तो वाहने नसतानाही लाल दिव्यापाशी उभा राहतो, भेटीस येणाऱ्या काकांना वेळ ठरवून मागतो, केळीची साल आणि दुधाची पिशवी एकाच डब्यात टाकणाऱ्या आईला पर्यावरणावर व्याख्यान देतो, आणि जर्मनीत परतल्यावर सहकाऱ्यांना मात्र भारतीय लोक किती लवचीक असतात हे अभिमानाने सांगतो. दोन्ही देशांना परस्परांच्या गुणांवरून बोल लावण्याची ही क्षमता आली, की रुळण्याची प्रक्रिया पूर्ण झाली असे खुशाल मानावे. तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी भाषेची तिसरी पायरी इथेच चढून जावी, परिचयपत्र दोन पानांत आणावे, आणि निघण्यापूर्वी महिनाभर तरी वेळेवर घरी जाण्याचा सराव करावा. कारण उरलेले सर्व कंपनी शिकवते, हा एकच विषय ती आधीच येत असल्याचे गृहीत धरते.