धरणदाखवे

यवतमाळच्या महागाव तालुक्यात एखाद्या घरी पाहुणा उतरला, त्याचा चहा झाला, की त्या घरातलं एक माणूस हमखास पायात चपला सरकवतं. वय पन्नाशीच्या पुढे, खांद्यावर दुपट्टा, हातात गाडीची किल्ली. हे धरणदाखवे. पाहुणा प्रवासानं आंबलेला असो, जेवायचा राहिलेला असो, धरण दाखवल्याखेरीज ते त्याला परतीच्या गाडीत बसू देत नाहीत. मयतीला आलेल्यांनाही सोडत नाहीत; फक्त त्यांना ‘मन हलकं होईल’ असं सांगून नेतात.

कोणतं पाणी दाखवायचं, हे पाहुण्याच्या वजनावर ठरतं. लांबच्या नात्यातल्याला जवळचं वेणीचं धरण, म्हणजे अधर पूस. त्याहून बरा असेल तर हिवरा संगम. तिथं पूस नदी पैनगंगेला मिळते, आणि धरणदाखवे ती हकिगत अशा थाटात सांगतात, जणू सोयरीक त्यांनीच जुळवली. व्याही किंवा नवा जावई असला, तर मात्र गाडी पुसदवरून शेंबाळपिंपरीकडे वळते आणि थेट इसापूर गाठते.

इसापूरच्या काठावर त्यांचा आवाजच बदलतो. “नऊशे चौसष्ट दलघमी!” ते पाण्याकडे हात करून जाहीर करतात. 964 दशलक्ष घनमीटर हा या धरणाचा उपयुक्त साठा, तो त्यांना घरच्या सातबाऱ्यापेक्षा जास्त पाठ असतो. “एक दलघमी म्हणजे किती?” असं जावयानं विचारलं, तर “लय असते,” एवढ्यावर विषय मिटतो.

न मिटणारा प्रश्न दुसराच. “हे पाणी जातं कुठं?” असं विचारलं की धरणदाखवे जरा वेळ दुपट्टा झटकतात. धरणाला नाव पुसद तालुक्यातल्या गावाचं, पाणी मात्र बहुतांशी कालव्यांनी नांदेड-हिंगोलीकडे. जे पाणी आपल्या कापसाला मिळत नाही, ते निदान पाहुण्याला दाखवता तरी येतं. हा हक्क अजून कोणत्याही लवादापुढे गेलेला नाही.

पाहुणेसुद्धा त्यांच्या हिशेबात फक्त माणसंच असतात असं नाही. हिवाळ्यात लडाख-तिबेटच्या बाजूनं चक्रवाक विदर्भाच्या तलावांवर उतरतात. धरणदाखव्यांच्या लेखी ती सगळी बदकं, आणि ती एवढ्या लांबून धरणच पाहायला येतात. वाघाचं तर विचारूच नका. 2019 साली टिपेश्वर अभयारण्यातून रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ निघाला. यवतमाळ, हिंगोली, वाशीम, सीमेपलीकडचं आदिलाबाद असं भटकत, पैनगंगा आणि इसापूर ही अभयारण्यं ओलांडत, सुमारे 1300 किलोमीटर चालून तो डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. शास्त्रज्ञ म्हणतात, तो स्वतःच्या हद्दीच्या आणि जोडीदाराच्या शोधात असावा. धरणदाखवे म्हणतात, “वाघालेही इसापूर पाहा लागलं, मंगच तो बुलडाण्याले गेला.”

अशाच एका धरणदाखव्याकडे एका एप्रिलात पुण्याहून भाचा येतो. पवना धरणाच्या काठावरच्या तंबूत राहून आलेला, पायात महागडे बूट. येताच विचारतो, “मामा, तुमच्या लेकला बीच आहे का? ट्रेल? कॅम्पिंग?”

यातला एकही शब्द धरणदाखव्यांना अडवत नाही. बीच? उन्हाळ्यात पाणी हटलं की काठाची जमीन उघडी पडते. पाटबंधारे खातं ती गाळपेराला देतं आणि लोक तिच्यात टरबूज, काकडी लावतात. मामा भाच्याला तिथंच नेतात. भाचा बूट काढून पाण्याच्या दिशेनं धावतो आणि चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गाळात बसतो. राखणीला बसलेली बाई काही न बोलता टरबूज फोडून त्याच्या हातात देते. गाळातून निघायला वेळ लागणार, हे तिला ठाऊक असतं. ट्रेलसाठी पांदण असतेच. ती गुरांनी आखलेली असल्यामुळे कुठं जाते, हे गुरांना विचारावं लागतं.

कॅम्पिंगपाशी घोडं अडतं. इसापूरला अभयारण्य आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय आत शिरता येत नाही, आग तर पेटवताच येत नाही. “साहेब ओळखीचे आहेत,” असं मामा आधी म्हणतात. मग साहेबांची बदली झाल्याचं आठवतं आणि मुक्काम वेणीकडे, एका सोयऱ्याच्या शेतात हलतो.

तिथं गोवऱ्या रचल्या जातात. जाड्या कणकेच्या पोळ्या एकीत एक गुंडाळून त्यांचे गोळे, म्हणजे रोडगे, होतात आणि विस्तव फुलला की आत सरकतात. पवनेच्या काठी भाच्यानं बार्बेक्यूसाठी मोजलेले पैसे ऐकून मामींनी आधीच कपाळाला हात लावलेला असतो. इकडे रोडगा राखेतून निघतो, फडक्यानं झटकला जातो, मुठीनं फुटतो, त्यावर तूप, शेजारी झणझणीत वांग्याची भाजी आणि वरण. तिसऱ्या रोडग्यानंतर भाचा पवनेचं नाव काढायचं सोडून देतो.

एक हट्ट मात्र उरतो. “मामा, सगळं झकास. पण टेंट पाहिजे ना!”

“एवढंच न?” म्हणून मामा फोन लावतात. तासाभरात बांधावर टेम्पो लागतो. उतरतात बांबू, लालपिवळे पडदे, सतरंज्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या चळती, दोन कूलर आणि जनरेटर. शेवटी बिछायत केंद्राचा मालक उतरतो, भाच्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो, गाळाच्या पायांवर जरा थबकतो आणि मामांना बाजूला घेऊन हळूच विचारतो, “नवरदेव हाच काय? मंग स्टेज पूर्वेले लावू का धरणाकडं तोंड करून?”

“धरणाकडंच,” मामा म्हणतात.