ती. नानांच्या चिंतेचे चिकित्सक निरसन

डेट्रॉइट, मिशिगन

तीर्थरूप नानांच्या सेवेशी, मु. डोंबिवली (पूर्व), शि.सा.न.वि.वि.

माध्यमजन्य नगरप्रतिमा, म्हणजे ज्या गावात कधी पाऊलही ठेवलेले नाही त्याविषयी पडद्याकडे पाहून झालेले ठाम मत, नानांच्या ठायी इतकी दृढ झाली आहे की डेट्रॉइटस्थ चिरंजीव बंदूक घेतल्याशिवाय दूध आणायला जात नाहीत, अशी वार्ता सोसायटीत पसरल्याचे कळते. हे मत अगदीच निराधार नव्हे. 1950 साली साडेअठरा लाखांच्या घरात असलेली या शहराची लोकसंख्या 2020 मध्ये साडेसहा लाखांच्याही खाली आली होती, आणि 18 जुलै 2013 रोजी शहराने दिवाळखोरीचा, म्हणजे देणी फेडणे अशक्य झाल्याचा, रीतसर अर्ज केला होता. मात्र 2023 मध्ये येथील खुनांची संख्या 1966 नंतरच्या नीचांकावर आली, ही बातमी डोंबिवलीपर्यंत पोहोचली नाही. आणि नानांनी पुराव्यादाखल मांडलेला ‘रोबोकॉप’ हा चित्रपट बहुतांशी डॅलसमध्ये चित्रित झालेला असल्याने तो ग्राह्य धरता येत नाही.

आकडेवारीने नानांचे समाधान होत नाही, हे सर्वश्रुत असल्यामुळे, ज्यांचे वडील मोटारींच्या कारखान्यात कामाला म्हणून अलाबामाहून आले, त्या शेजारच्या आजींना गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बसवण्यात आले. आजींनी काहीही लपवले नाही. पलीकडचे घर जळाले, रस्त्यावरचे दिवे बंद पडले तेव्हा त्या ओसरीवरचा दिवा रात्रभर चालू ठेवीत, आणि जळक्या घराच्या मोकळ्या जागेत आता टोमॅटो व कॉलर्ड, म्हणजे कोबीच्या कुळातली एक पालेभाजी, लावतात. यावर नानांनी भारनियमनाच्या काळातील डोंबिवलीचे जे साद्यंत वर्णन केले, त्याचे भाषांतर करता करता सूनबाईंचा चहा निवला.

त्यानंतर आजींनी, भारतात माणसे आगगाडीच्या टपावर बसून कचेरीत जातात असे टीव्हीवर पाहिल्याने, नानांच्या प्रकृतीविषयी काळजी व्यक्त केली, तेव्हा नानांचा आवाज चढला. हयातभर चौथ्या सीटवर, म्हणजे तिघांच्या बाकावर उरलेल्या वीतभर जागेत, बसून प्रवास केल्याचे सांगून त्यांनी टपाचा आरोप साफ फेटाळला. दाराला लटकण्याबाबत मात्र त्यांनी मौन पाळले, हे नोंदवणे भाग आहे. तिघांच्या बाकावर चौथा बसतो तो कोणत्या नियमाने, अशी आजींची पृच्छा असून, तिचे उत्तर नानांनी येत्या रविवारी स्वतःच द्यावे.

ती. आईंस साष्टांग नमस्कार. कळावे.

आपली आज्ञाधारक,
डेट्रॉइटस्थ मंडळी