वाढत्या अंगाचा पंप

ज्यांना लहानपणी दर जूनला वाढत्या अंगाचा गणवेश मिळाला, ती माणसं पुढे जन्मभर कुठलीच वस्तू मापाची घेत नाहीत. आमचे बापूसाहेब त्यातले. पाय नऊ नंबरचा, चप्पल दहाची. घरात माणसं दोन, कुकर साडेसात लिटरचा. शर्टाच्या खांद्याची शिवण कोपराच्या दिशेने निघालेली. कोणी हसलंच तर म्हणतात, "असू दे. कमी पडण्यापेक्षा बरं."

मूळ माणूस वाळवा तालुक्यातला, उसातला. तिकडे विहिरीवर किती एचपीची मोटर बसवलीय, यावरून घराचं वजन कळतं. बापूंच्या वडिलांची साडेसातची होती. नव्या माणसाला ओळख करून देताना बापू नाव, आडनाव आणि मग साडेसात सांगतात.

निवृत्तीनंतर त्यांनी मुळशीकडे बंगला बांधला, अंगणात नातवंडांसाठी पोहायचा पूल केला. यंदा मार्चमध्ये पुलाचा पंप बंद पडला. वाइंडिंग जळालं होतं. मी शेजारी आणि रिकामा, त्यामुळे दुकानात सोबत जाणं माझ्या कपाळी आलं.

"जुना कितीचा होता?" मी निघण्यापूर्वी विचारलं.

"असेल दोन-तीनचा."

पंपावरची पाटी वाचायची सोय नव्हती. माळी दर दिवाळीला फाटकासोबत पंपालाही हिरवा ऑइलपेंट फासत आला होता, पाटीसकट. मी उकिडवा बसून रुपयाच्या नाण्यानं खरवडू लागलो. दोन-तीन थरांचे पापुद्रे निघाले आणि खालून अक्षरं उमटली : ०.५५ किलोवॅट. म्हणजे पाऊण एचपी.

आजीची म्हणून जपलेली पाटली पितळेची निघावी, तसा बापूंचा चेहरा झाला. "दहा वर्षं आपण पाऊणवर काढली?" ते अगदी हळू म्हणाले. माळी जवळच होता ना.

दुकानातला मुलगा विशीतला, पण कामात पक्का. त्याने एचपीचं नावच काढलं नाही. लांबी, रुंदी, खोली विचारली. चोवीस फूट बाय बारा, एका टोकाला तीन फूट, दुसऱ्या टोकाला पाच. म्हणजे सरासरी चार. त्याने कॅल्क्युलेटरवर गुणलं : ११५२ घनफूट. घनफुटाला सव्वाअठ्ठावीस लिटर धरून पाणी साधारण साडेबत्तीस हजार लिटर. "हे सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरलं पाहिजे. तासाला साडेपाच हजार लिटर. पाऊण एचपी आरामात देईल, काका. फिल्टर कितीचा?"

"वीस इंची," मी म्हटलं.

"मग त्याला तासाला फार तर दहा हजार झेपेल. पाइप दीड इंचीच ना? त्यातून दुप्पट पाणी ढकलायचं तर अडथळा चौपट होतो. मोठा पंप नुसता कुथत बसेल."

एवढं बिनतोड ऐकून घेतल्यावर बापू पुढे वाकले आणि आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "साडेसात येतो का?"

तडजोड दोनवर झाली. मी गाडीत म्हणालो, "बापू, अहो, पूल काही वाढत्या अंगाचा नसतो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या वडिलांच्या विहिरीविषयी काही बोललो.

रविवारी बटण दाबलं. फिल्टरवरच्या घड्याळाचा काटा उठला आणि लाल पट्ट्यात जाऊन थरथरत उभा राहिला. पंपात कोणी मूठभर खडे टाकावेत, तसा कडकड आवाज सुरू झाला. मला ठाऊक आहे, ओढायला पुरेसं पाणी मिळालं नाही की पंप असा वाजतो. बापूंना मात्र तो ताकदीचा आवाज वाटला. "ऐका! याला म्हणतात मोटर!" काठावरच्या जाळीपाशी भोवरा फिरू लागला आणि वहिनींची आंघोळीची टोपी त्यात गडप झाली. वहिनी म्हणाल्या, "चला, टोपीच गेली. मी आत नव्हते हे नशीब."

दोन आठवड्यांत फिल्टरच्या तळातल्या नळ्या तडकल्या आणि आतली वाळू पाण्याबरोबर पुलात यायला लागली. पुलाच्या तळाशी पांढुरकी रांगोळी. धाकटा नातू वाळूचे किल्ले करता येतील का, म्हणून डुबकी मारून बघत होता. वीजही पूर्वी दिवसाला साडेतीन युनिट जायची, ती आता नऊवर गेली. बिल वहिनींनी देव्हाऱ्यात ठेवलं आहे, म्हणजे बापूंना रोज सकाळी दिसतं.

मला वाटलं, आता तरी माणूस पाऊणवर येईल. निदान पुढचा व्हॉल्व्ह थोडा आवळून पाण्याचा जोर कमी करेल. मी तसं सुचवलंही. "दोनचा घेऊन पाऊणएवढं पाणी घ्यायचं? मग दोनचा घेतला कशाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण हाच प्रश्न माझा होता.

गेल्या शनिवारी त्यांच्याकडे टेम्पो आला. आत तीस इंची फिल्टर. "चूक पंपाची नव्हतीच," बापूंनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "फिल्टर लहान होता." प्लंबर अंगणातली फरशी उखडत होता, पाइप आता अडीच इंची पडणार होते.

काल संध्याकाळी कुंपणापाशी गेलो तर पुलाच्या पलीकडल्या कडेला, मोगऱ्याच्या वाफ्यात, माळी टेपचं एक टोक धरून उभा होता. दुसरं टोक बापूंच्या हातात.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "एवढ्या पंपाला पाणी कमीच पडतंय. इकडून सहा फूट वाढवला, तर मोगरा जाईल का हो?"