आधी लॉगिन करा

उसाचं रोप 30-35 दिवसांत लागणीला येतं. 45 दिवसांच्या पुढं ते ट्रेमध्ये टिकत नाही. कपाच्या तळाशी मुळ्या गुंडाळतात, पानं दोनदा छाटली तरी रोप पिवळं पडतं. हे सुरुवातीलाच सांगते, कारण माझं सगळं गाऱ्हाणं दिवसांचं आहे. आमच्या रोपवाटिकेचं सोशल मीडियावरचं पेज 27 जुलै 2024 ला चोरीला गेलं आणि 4 सप्टेंबरला परत मिळालं. 39 दिवस.

आमचं टेंभुर्णी पुणे-सोलापूर हायवेवर आहे. करमाळा, कुर्डुवाडी, पंढरपूर अशा सगळ्या बाजूंचे रस्ते इथं येऊन मिळतात. तरी आमची निम्म्याहून जास्त बुकिंगं हायवेवरच्या बोर्डामुळं होत नाहीत, पेजमुळं होतात. ट्रे, कोकोपीट, गाडीभाडं हे माझ्या नवऱ्याकडं आणि 2017 पासून पेज माझ्याकडं. 86032 या जातीचं बेणं कुठल्या प्लॉटचं आहे, डोळा कधी लावला, कोंब किती वर आला, हे मी दर चार दिवसांनी फोटो काढून टाकते. शेतकरी ते बघतो आणि फोन करतो.

त्या वर्षी उन्हाळ्यात उजनी धरणाचा पाणीसाठा उणेमध्ये गेला होता. अडसाली उसाचा विचार बऱ्याच जणांनी सोडून दिला होता. मग पाऊस लागला, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरण भरत आलं आणि सगळ्यांना एकदमच रोपं हवी झाली. एकरी साडेचार-पाच हजार रोपं लागतात. असा हंगाम चार-पाच वर्षांतून एकदा येतो. नेमकं तेव्हाच आमचं पेज दुसऱ्याच्या हातात होतं.

झालं ते असं. 27 तारखेला संध्याकाळी मेसेज आला की तुमच्या पेजवर कॉपीराइटची तक्रार आहे, 24 तासांत खुलासा केला नाही तर पेज कायमचं बंद होईल. वर कंपनीचं चिन्ह होतं. दोनच दिवसांपूर्वी मी एका गाण्यावर रोपांचा व्हिडिओ टाकला होता, त्यामुळं मी घाबरले. लिंक उघडली, पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला कोडही टाकला. पाच मिनिटांत माझा ईमेल, माझा नंबर आणि ॲडमिन म्हणून माझं नाव, तिन्ही काढून टाकलेलं होतं. ती चूक माझी आणि ती मी मान्य करते. पुढचे 39 दिवस मात्र माझ्या चुकीचे नाहीत.

मदतीचं पान उघडलं तर तिथं लिहिलेलं, आधी लॉगिन करा. लॉगिन करायला गेलं की कोड पाठवला म्हणून सांगायचं, आणि नंबरचे जे शेवटचे दोन आकडे दिसायचे ते माझे नव्हते. माझ्या खात्याचा कोड चोराच्या फोनवर जात होता. ‘हा नंबर माझा नाही’ असं सांगायला बटण होतं. ते दाबलं की पुन्हा पहिलं पान, आधी लॉगिन करा.

मग ओळखपत्र मागितलं. माझं प्रोफाइल लग्नाआधीचं, त्यावर माहेरचं नाव. आधारवर सासरचं. उत्तर आलं, नाव जुळत नाही. विवाह नोंदणीचा दाखला पाठवला, तो मराठीत म्हणून चालला नाही. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र यांच्या नावावर, म्हणून तेही नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी बायकांची कागदपत्रं अशी दोन नावांत विभागलेली असतात. धंदा बाई चालवते आणि कागद नवऱ्याच्या नावावर असतो. फॉर्म बनवणाऱ्याला हे माहीत नसेल, तर ते सांगायला तिथं कुणीतरी माणूस असायला हवा. तिथं कुणीच नव्हतं. कागद पाठवल्यावर दोन मिनिटांत नकार यायचा. एवढ्यात कुणी माणूस कागद वाचत नाही.

चेहऱ्याचा व्हिडिओ मागितला. डावीकडं बघा, उजवीकडं बघा. मी शेडनेटमध्ये उभी होते, हिरव्या उजेडात. उजेड पुरेसा नाही म्हणून नाकारला. बाहेर येऊन काढला, तोही नाकारला, आणि कारण दिलं नाही.

12 ऑगस्टला सकाळी करमाळ्याकडचे एक शेतकरी पिकअप घेऊन दारात आले. म्हणाले, “ताई, पाच हजार रोपं द्या की, बुकिंग केलंय.” आमच्या वहीत त्यांचं नाव नव्हतं. त्यांनी मोबाइल पुढं केला. आमच्याच पेजवर, आमच्याच ट्रेचा फोटो, मी काढलेला, आणि खाली ‘रोपं निम्म्या किमतीत, आगाऊ रक्कम भरा’. त्यांनी दोन हजार रुपये भरले होते. मी म्हटलं, “भाऊ, हे पेज आमच्या हातात नाही.” ते फोटोकडं बघायचे, मग समोरच्या ट्रेकडं. “अवो, पण ट्रे तर हेच हायेत.” त्यांचं काय चुकलं? आम्ही त्यांना दोन हजार वळते करून रोपं दिली. असे आणखी दोघं आले. जे आलेच नाहीत, ते आम्हाला काय म्हणत असतील याचा विचार अजून मनातून जात नाही.

कायदा नाही असं नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यानं 24 तासांत पोच द्यायची आणि 15 दिवसांत तक्रार निकाली काढायची होती. 50 लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीचा तक्रार अधिकारी भारतात राहणारा असला पाहिजे, भारतातला पत्ता प्रसिद्ध केला पाहिजे. त्याच्या निर्णयावर केंद्राच्या तक्रार अपील समितीकडं 30 दिवसांत ऑनलाइन दाद मागता येते. या समित्या 2023 पासून आहेत. दुसऱ्याचा पासवर्ड वापरून फसवणूक करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. हे सगळं मला पुतण्यानं शोधून दिलं, तेही दोन आठवडे वाया गेल्यावर. मदतीच्या पानावर ते मला कुठंच दिसलं नाही.

पोलिसांत तक्रार देऊन पोच घेतली. ती पोच, आधार आणि 2017 पासूनचे मूळ फोटो जोडून तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. पोच आली, पण 15 दिवसांत निकाल आला नाही. पुन्हा पाठवला, नियमाचा उल्लेख करून. 4 सप्टेंबरला पहाटे एक लिंक आली आणि पेज उघडलं. माफी नव्हती, इतके दिवस का लागले हेही नव्हतं.

21 सप्टेंबर 2025 ला उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचं एक्सवरचं खातं हॅक झालं. ते तासाभराच्या आत परत मिळालं. मिळालं ते चांगलंच झालं, तसंच व्हायला हवं. म्हणजे ते तासाभरात करता येतं. टेंभुर्णीच्या रोपवाटिकेला, पंढरपूरच्या प्रासादिक दुकानाला तासाभरात नको, आठवडाभरात द्या. एक फोन नंबर द्या, जो माणूस उचलेल आणि मराठीत बोलेल. लॉगिन हरवलेल्या माणसाला लॉगिन मागू नका. आणि चोरीची तक्रार आली की निकाल लागेपर्यंत पेज गोठवा, म्हणजे आमच्या नावावर दुसऱ्या कुणाचे पैसे तरी बुडणार नाहीत.

ज्यांचं पेज आहे त्यांनी आजच दुसऱ्या विश्वासू माणसाला ॲडमिन करून ठेवा, दुहेरी पडताळणी चालू करा, तिचे राखीव कोड कागदावर लिहून कपाटात ठेवा. कोड कुणालाही देऊ नका.

त्या हंगामात 11 हजार रोपं जून झाली, ती उकिरड्यावर टाकली. आता दर हंगामात रोपं तयार होतात आणि मी फोटोही टाकते. आमच्या पेजवर कधी निम्म्या किमतीची जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी रोपवाटिकेच्या बोर्डावरच्या नंबरवर फोन करा. फोन मी स्वतः उचलते.