दाण्यादाण्यातला दानधर्म

वडूजकडच्या पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई. खर्चिक प्रकरण. त्यापेक्षा पानमसाल्याची पाच रुपयांची पुडी बरी. तिच्या जाहिरातीत दाण्यादाण्यात केसराचा दम असतो आणि ती मिरवणाऱ्या पीळदार नटांचे दात पांढरेशुभ्र असतात! केशर किलोला काही लाखांच्या घरात. म्हणजे कंपनीने हा दानधर्मच मांडलाय. जयपूरच्या ग्राहक आयोगाने मात्र २०२५ मध्ये या हिशेबाच्या तक्रारीवरून शाहरुख खान, अजय देवगण आणि टायगर श्रॉफ यांना नोटिसा धाडल्या. दानतीची कदरच नाही कुणाला.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्याबरोबर पानमसाल्यावरही बंदी आली. वेलचीवर नाही. त्यामुळे जाहिरात त्याच नावाच्या वेलचीची. एसटी स्टँडच्या कोपऱ्यातल्या तांबड्या पिचकाऱ्याही मग वेलचीच्याच समजायच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पानमसाल्यातल्या, तंबाखूविना नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलंय. पुडीवर आरोग्याला हानीचा इशारा ठसठशीत छापलेला असतो. पण दम आहे म्हटल्यावर गडी इशारे वाचतोय कशाला!

थिएटरात सिगारेट सोडायला सांगणारा अक्षय कुमारही २०२२ मध्ये या वेलचीला भुलला. चाहते चिडले, तसा माफी मागून बाहेर पडला. मानधन सत्कार्याला देईन म्हणाला. कराराची मुदत संपेपर्यंत जाहिरात दिसत राहू शकते, हेही त्यानेच त्या माफीनाम्यात सांगून टाकलं.